रितेपणाचे इंग्रजी पर्याय : शब्दनिवडीचा एक विचार

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणाऱ्याला 'एम्प्टी', 'व्हेकंट', 'हॉलो', 'ब्लँक' आणि 'व्हॉइड' हे शब्द पदोपदी भेटतात. द्वैभाषिक कोश उघडल्यास या शब्दांपुढे 'रिकामा, रिक्त, पोकळ, कोरा, शून्य' अशी, थोड्याफार फरकाने सारखीच, मालिका पुष्कळदा आढळते. त्यामुळे हे शब्द एकाच अर्थाच्या कमीअधिक तीव्र छटा आहेत आणि संदर्भ पाहून त्यांतील कोणताही एक पर्याय योजावा, अशी समजूत सहज होते. प्रत्यक्ष भाषाव्यवहार मात्र ही समजूत टिकू देत नाही. इंग्रजीत पोट 'एम्प्टी' असते, 'व्हेकंट' नसते. पद 'व्हेकंट' असते, 'एम्प्टी' नसते. झाडाचे खोड 'हॉलो' असते. कागद 'ब्लँक' असतो आणि करार 'व्हॉइड' असतो. या जागा परस्परांत बदलल्या तर वाक्य चुकते किंवा त्याचा अर्थ पालटतो.

पर्यायशब्दांच्या या प्रश्नाकडे इंग्रजीत दोन दृष्टींनी पाहिले गेले. हेस्टर पिओझी यांनी १७९४ मध्ये आणि जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ मध्ये समानार्थी शब्दांतील भेद उलगडून दाखविणारे ग्रंथ प्रसिद्ध केले. पुढे १८५२ मध्ये पीटर मार्क रॉजे यांचा 'थिसॉरस' आला. त्यात शब्दांची मांडणी अर्थकल्पनांच्या वर्गांनुसार करण्यात आली. रॉजे यांची पद्धत शब्दाची आठवण करून देण्यास उपकारक आहे. परंतु शेजारी मांडलेल्या शब्दांतून निवड कशी करावी, हे ती सांगत नाही. ती निवड भेदाच्या ज्ञानावरच अवलंबून राहते.

रितेपणा हा केवळ अभाव नव्हे. एखाद्या ठिकाणी काही असावयास हवे होते आणि ते नाही, असा बोध झाल्याखेरीज 'रिकामे' हा शब्द उच्चारलाच जात नाही. डोंगराला कोणी रिकामा म्हणत नाही, हंड्याला म्हणतात. म्हणून या गटातील प्रत्येक शब्दाबाबत तीन प्रश्न विचारावे लागतात. येथे काय अपेक्षित होते? ते सामावणारी वस्तू कोणत्या प्रकारची आहे? आणि ते पुन्हा भरून येण्याची शक्यता शब्दात गृहीत आहे काय? या प्रश्नांच्या आधारे उपर्युक्त शब्दांचा विचार करता त्यांच्यातील भेद बऱ्याच अंशी स्पष्ट होतात.

१

'एम्प्टी' हा शब्द प्राचीन इंग्रजीतील 'अ‍ॅमेटिग' या शब्दापासून आला. त्याचे मूळ 'सवड' या अर्थाच्या नामात आहे. म्हणजे प्रारंभी हा शब्द भांड्याविषयी जितका होता, तितकाच किंबहुना त्याहून अधिक, मोकळा वेळ असलेल्या माणसाविषयी होता. मराठी वाचकाला यात काहीच अपरिचित वाटू नये. 'भांडे रिकामे आहे' आणि 'तो आज रिकामा आहे' ही दोन्ही वाक्ये मराठीत स्वाभाविक आहेत. 'रिकामटेकडा' हा शब्द तर सवडीचा अर्थ निंदेपर्यंत नेतो. इंग्रजीतील 'एम्प्टी' या शब्दाने सवडीचा अर्थ पुढे गमावला आणि तो मुख्यतः आत काही नसलेल्या पात्राचा वाचक बनला. आजच्या इंग्रजीत त्याची पहिली अट एखादे पात्र किंवा जागा असणे ही आहे आणि दुसरी, त्या पात्रात वस्तू अथवा माणसे नसणे ही आहे.

'व्हेकंट' हा शब्द लॅटिनमधील 'व्हाकारे' या धातूपासून आला असून त्या धातूचा अर्थही 'रिकामे असणे, मोकळे असणे' असाच आहे. सुटी या अर्थाचा 'व्हेकेशन' हा शब्द त्याच कुळातील होय. परंतु 'व्हेकंट' या शब्दाचा रोख वस्तूंवर नसून अधिवासावर आहे. जेथे कोणीतरी राहावयाचे, बसावयाचे किंवा अधिकार चालवावयाचा, तेथे सध्या कोणी नाही, असे तो सांगतो. 'एम्प्टी' घरात सामानसुमान किंवा माणसे नाहीत. 'व्हेकंट' घरात भाडेकरू नाही, ते घेता येईल. घरातील माणसे तासाभरासाठी बाहेर गेली तर घर 'एम्प्टी' असते, 'व्हेकंट' होत नाही. मराठीत हा भेद 'रिकामा' आणि 'रिक्त' या जोडीने बराचसा राखता येतो. 'रिक्त पद' असे म्हटले जाते, कारण तेथे नेमणूक अपेक्षित आहे.

खुर्चीच्या उदाहरणाने हा भेद अधिक स्पष्ट होतो. चार्ल्स डिकन्स यांच्या मृत्यूनंतर, १८७० मध्ये, ल्यूक फिल्ड्स या चित्रकाराने त्यांच्या अभ्यासिकेचे जे चित्र काढले, त्याचे नाव 'द एम्प्टी चेअर' असे आहे. तेथे 'व्हेकंट' म्हटले असते तर खुर्चीवर दुसऱ्या कोणी बसण्याचा विचार मनात डोकावला असता. मात्र हा नियम निरपवाद नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ मध्ये, युद्धात पडलेल्या सैनिकाच्या शोकाचे एक गीत 'द व्हेकंट चेअर' या नावाने लोकप्रिय झाले. तेथे 'व्हेकंट' शब्द शोभतो, कारण कुटुंबाच्या पंक्तीतील ती जागा त्या सैनिकाच्या हक्काची आहे आणि तिचा धनी येणार नाही. म्हणजे शब्दाचा मूळ रोख अधिवासावरच राहिला. बदलली ती भावना.

जुन्या इंग्रजी कवितेचा अनुवाद करताना 'व्हेकंट' हा शब्द विशेष सावधगिरीने हाताळावा लागतो. वर्डस्वर्थ यांची डॅफोडिल फुलांवरील कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस, कोचावर पहुडलेल्या कवीच्या एका मनःस्थितीला 'व्हेकंट' हे विशेषण लावलेले आहे. त्याचा अनुवाद 'शून्य मन' किंवा 'उदास मन' असा केल्यास फुलांची आठवण हे दुःखावरील औषध ठरते. वस्तुतः तेथे जुना, सवडीचा अर्थ जागा आहे. मन कशात गुंतलेले नाही, म्हणून त्यात फुलांना उतरावयास जागा आहे. 'रिकामे मन' हा साधा पर्याय येथे 'शून्य मन' या भारदस्त पर्यायापेक्षा अधिक अचूक आहे. गोल्डस्मिथ यांच्या १७७० च्या 'द डेझर्टेड व्हिलेज' या काव्यातही खेड्यातील लोकांच्या मोकळ्या हास्याच्या संदर्भात मनाला हेच विशेषण येते. आजचा वाचक त्याचा अर्थ 'निर्बुद्ध' असा करू शकतो, कारण आजच्या इंग्रजीत 'व्हेकंट' चेहरा म्हणजे बुद्धीची चमक नसलेला चेहरा. परंतु गावाच्या हरवलेल्या सुखाविषयी हळहळणारा कवी तेथे निंदा करीत नसून निश्चिंतपणा वर्णितो आहे. एका विशेषणाचा काळ चुकला की संपूर्ण कडव्याचा सूर चुकतो, तो असा.

'एम्प्टी' या शब्दातही आश्वासक अर्थ असू शकतो, हे पीटर ब्रुक यांच्या 'द एम्प्टी स्पेस' या १९६८ च्या ग्रंथाच्या नावावरून दिसते. कोणतीही मोकळी जागा रंगभूमी होऊ शकते, ही त्या ग्रंथाची आरंभीचीच भूमिका आहे. येथे 'शून्य अवकाश' म्हटले तर जागा निर्जीव होते. 'रिकामा अवकाश' म्हटले तर नटाची वाट पाहणारी जागा उभी राहते.

२

'हॉलो' हा शब्द बिळाच्या किंवा गुहेच्या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी शब्दापासून आला. 'एम्प्टी' पात्रात काही ठेवावयाचे असते; 'हॉलो' वस्तू मात्र बाहेरून भरीव दिसते आणि आत तशी नसते. म्हणून या शब्दात कवच आणि गाभा यांच्यातील विसंगती अपरिहार्यपणे येते. त्याच्यासोबत ध्वनीही येतो, कारण पोकळ वस्तूवर आघात केला की ती घुमते. मराठीतील 'पोकळ' हा शब्द त्याला सर्वांत जवळचा आहे. 'बडा घर पोकळ वासा' या म्हणीत हाच भेद आहे. घर रिकामे नाही. त्याला आधार देणारा वासा आतून पोकळ आहे.

नैतिक अर्थाच्या शब्दप्रयोगांत हा भेद निर्णायक ठरतो. 'एम्प्टी' धमकी म्हणजे जिच्यामागे कृतीचे बळ नाही अशी धमकी. 'हॉलो' विजय म्हणजे बाहेरून विजयच, पण ज्याच्या आत विजयाचे मोल उरलेले नाही असा. पहिल्यात अभाव आहे, दुसऱ्यात देखावा आहे.

कॉनरॅड यांच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' या कादंबरीत कर्ट्झ या पात्राचे अंतरंग 'हॉलो' असल्याचे निवेदक सांगतो आणि अरण्याचे कुजबुजणे त्याच्या आत घुमले, असे सुचवितो. येथे 'एम्प्टी' योजता आला नसता. कर्ट्झ हा वाणीने, कर्तृत्वाने आणि ध्येयवादाने भरलेला दिसणारा माणूस आहे. अरण्याचा आवाज घुमण्यासाठी भिंती आणि त्यांच्यामधील पोकळी, दोन्ही हवीत. एलियट यांनी १९२५ च्या 'द हॉलो मेन' या कवितेच्या शिरोभागी याच कादंबरीतील वचन घेतले. त्यासोबत पाच नोव्हेंबरला जाळल्या जाणाऱ्या गाय फॉक्सच्या पेंढ्याच्या पुतळ्याचाही संदर्भ आहे. त्या कवितेतील माणसे एकाच वेळी पोकळ आहेत आणि पेंढ्याने भरलेली आहेत. अनुवादात 'रिती माणसे' असे म्हटले तर ही प्रतिमा मोडते, कारण रिते ते भरलेले असू शकत नाही. 'पोकळ' वस्तूत मात्र पेंढा भरता येतो आणि तरीही तिला गाभा येत नाही. एलियट यांचा सारा उपरोध या एका शब्दाच्या भेदावर उभा आहे.

याच परिसरातील 'इनेन' हा शब्द लॅटिनमधील 'रिकामे' या अर्थाच्या 'इनानिस' पासून आला. आज तो अर्थहीन, बाष्कळ बोलण्याला लावला जातो. त्याच्यासाठी मराठीने शेतातून आणलेले शब्द अधिक उपयुक्त आहेत. दाणा न भरलेले कणीस 'पोचट'. धान्यातून उडणारे टरफल 'फोल'. 'पोचट विनोद' आणि 'फोल बडबड' हे प्रयोग 'अर्थशून्य' या शब्दापेक्षा अधिक नेमके आहेत. कारण त्यांत दाण्याची अपेक्षा आणि तिचा भंग, दोन्ही शिल्लक आहेत.

३

'ब्लँक' हा शब्द 'पांढरा' या अर्थाच्या फ्रेंच 'ब्लाँ' शब्दापासून इंग्रजीत आला. त्याचा संबंध पात्राच्या पोटाशी नसून पृष्ठभागाशी आहे. जेथे अक्षर, चिन्ह किंवा भाव उमटावयाचा तेथे तो उमटलेला नाही, असे तो सांगतो. कागद, भिंत, स्मृती आणि चेहरा 'ब्लँक' असू शकतात. 'ब्लँक' धनादेशावर सही असते. रकमेची जागा तेवढी कोरी असते. मराठीतील 'कोरा' हा शब्द येथे बहुधा चालतो. परंतु त्यात न वापरलेल्या नवेपणाचा अर्थ मिसळलेला आहे. कोरे कापड म्हणजे नवे कापड. 'ब्लँक' चेहऱ्याला नवेपणा नसतो. म्हणून तेथे 'निर्विकार' किंवा 'भावशून्य' हे शब्द योजणे इष्ट.

या शब्दाशी निगडित असलेला एक गोंधळ साहित्याच्या अध्यापनात नेहमी आढळतो. 'ब्लँक व्हर्स' आणि 'फ्री व्हर्स' या दोन संज्ञा विद्यार्थी एकच मानतात. 'ब्लँक व्हर्स' मध्ये यमकाची जागा कोरी असते, लयीची नव्हे. पंचगणी आयांबिक चरणाचे बंधन तेथे कायम असते. सरेच्या अर्लने सोळाव्या शतकात व्हर्जिलच्या महाकाव्याच्या काही भागाचा अनुवाद करताना ही रचना इंग्रजीत आणली. मिल्टन यांच्या १६६७ च्या 'पॅरडाइज लॉस्ट' ला पुढील वर्षी जोडण्यात आलेल्या टिपणात यमकाचा हा अभाव दोष नसून महाकाव्याला परत मिळालेले स्वातंत्र्य आहे, अशी भूमिका मांडलेली आहे. म्हणून 'ब्लँक व्हर्स' साठी 'निर्यमक रचना' हाच पर्याय योग्य ठरतो. 'मुक्तछंद' हा शब्द 'फ्री व्हर्स' कडे राखून ठेवला पाहिजे.

४

'व्हॉइड' हा शब्दही 'व्हेकंट' च्याच लॅटिन कुळातून जुन्या फ्रेंचमार्गे आला. पण दोघांची प्रकृती भिन्न झाली. 'एम्प्टी' ला पात्र लागते, 'व्हेकंट' ला आसन लागते. 'व्हॉइड' ला काठच नसतो. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी अनुवादात, सृष्टीच्या आरंभीच्या आकारहीन स्थितीच्या वर्णनात, हा शब्द येतो. तेथे भरण्याजोगे पात्रसुद्धा अद्याप अस्तित्वात नाही.

कायद्याच्या भाषेत याच शब्दाला काटेकोर अर्थ आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २ मध्ये, कायद्याने अंमलात आणता न येणाऱ्या संमतीला 'व्हॉइड' म्हटले आहे आणि जी संमती एका पक्षाच्या इच्छेनुसार अंमलात येऊ शकते, दुसऱ्याच्या नव्हे, अशा कराराला 'व्हॉइडेबल' म्हटले आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्येही कलम ११ आणि कलम १२ यांत विवाहाच्या बाबतीत हाच भेद केलेला आहे. 'ब्लँक' कागदावर काही लिहिलेले नसते, तरी सही होताच तो बलवान होऊ शकतो. 'व्हॉइड' कागद मजकुराने आणि सह्यांनी भरलेला असतो, तरी कायद्याच्या दृष्टीने तेथे काहीच नसते. कायद्यात 'शून्य' हा पर्याय शोभतो, तो या कारणाने.

'व्हॅक्यूम' हा आणखी एक सगोत्र. टॉरिचेली यांचा १६४३ च्या सुमाराचा पाऱ्याच्या नळीचा प्रयोग आणि ऑटो फॉन गेरिके यांचा १६५४ चा हवा काढून घेण्याच्या पंपाचा प्रयोग यांनी 'निसर्गाला पोकळीचे वावडे आहे' या जुन्या मताला धक्का दिला. तथापि भाषेने ते मत सोडले नाही. सत्तेचा 'व्हॅक्यूम' निर्माण झाला, असे म्हटले की कोणीतरी बाहेरून आत घुसणार, असा अर्थ निघतो. 'व्हॉइड' मध्ये असा ओढा नाही. मराठी मृत्युलेखांत 'साहित्यक्षेत्रात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली' हे वाक्य रूढ आहे. त्याच्या इंग्रजी अनुवादात 'व्हॅक्यूम' लिहिणे म्हणजे ती जागा कोण बळकावणार याची चर्चा सुरू करणे होय. तेथे 'व्हॉइड' च हवा.

५

आतापर्यंतचा भेद अनुवादकाच्या सोयीचा वाटेल. परंतु समीक्षेच्या क्षेत्रात त्याचे महत्त्व अधिक गंभीर आहे. १९६० नंतरच्या मराठी समीक्षेत अस्तित्ववादाच्या चर्चेबरोबर 'शून्यता', 'पोकळी', 'रितेपण' आणि 'अर्थशून्यता' हे शब्द मोठ्या प्रमाणावर आले आणि पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले गेले. सार्त्र यांचा १९४३ चा मुख्य तत्त्वज्ञानग्रंथ हेझल बार्न्स यांच्या १९५६ च्या इंग्रजी अनुवादातून आपल्याकडे परिचित झाला. त्यातील 'नथिंगनेस' या संज्ञेसाठी 'शून्यता' हा शब्द योजताच एक निराळी परंपरा आत येते. नागार्जुनाच्या विचारात शून्यता म्हणजे वस्तूंना स्वतंत्र स्वभाव नसणे. त्यांचे अस्तित्व परस्परावलंबी असणे. इंग्रजीत तिला 'एम्प्टिनेस' आणि 'व्हॉइड' असे दोन्ही पर्याय मिळाले. 'व्हॉइड' या शब्दामुळे शून्यवाद म्हणजे सर्वनाशवाद, असा समज बळावण्यास वाव मिळाला. रशियन पंडित श्चेरबात्स्की यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात शून्यतेसाठी 'रिलेटिव्हिटी', म्हणजे सापेक्षता, हा शब्द योजला. सर्वांनी तो स्वीकारला नाही. परंतु त्यामागील अडचण खरी होती.

सार्त्र यांचा 'नथिंगनेस' याहून वेगळा आहे. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण कॅफेतील आहे. ठरलेल्या वेळी मित्र पिएर कॅफेत भेटेल अशी अपेक्षा असते; तो नसतो आणि सारा कॅफे त्याच्या नसण्याची पार्श्वभूमी बनतो. जगातील इतर असंख्य माणसेही त्या कॅफेत नाहीत. पण त्यांचे नसणे कोणाला जाणवत नाही. अभाव जगात येतो तो अपेक्षा बाळगणाऱ्या जाणिवेमुळे. नागार्जुनाची शून्यता कोणाच्या अपेक्षेवर अवलंबून नाही. सार्त्र यांचा अभाव अपेक्षेवाचून संभवत नाही. एकाच मराठी शब्दाने या दोहोंचा निर्देश केल्यास वाचक दोन्ही विचारांना मुकतो. म्हणून 'नथिंगनेस' साठी 'अभाव' किंवा 'नास्तित्व' हे पर्याय अधिक निर्दोष ठरतात.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) ही कादंबरी अस्तित्ववादी परिभाषेत वारंवार वाचली गेली आहे. पांडुरंग सांगवीकरच्या अनुभवाला सरसकट 'शून्यता' म्हटले की कादंबरीतील तीन निरनिराळ्या गोष्टी एक होऊन जातात. पुण्यातील महाविद्यालयीन जीवनाचा जो देखावा त्याला कळून येतो, तो पोकळपणा आहे. तेथे कवच आहे, गाभा नाही. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूने जे उरते, त्याला काठ नाही. ते 'व्हॉइड' च्या जातीचे आहे. गावी परतल्यानंतरचे दिवस, ज्यांत करण्यासारखे काहीच नाही, ते 'रिकामे' दिवस आहेत आणि त्यांत जुन्या सवडीचा अर्थही आहे. पहिल्याला उपरोध शोभतो, दुसऱ्यापुढे उपरोध थांबतो, तिसऱ्यात तो सैलावतो. कादंबरीच्या निवेदनाचा सूर बदलतो तो या भेदांनुसार. समीक्षकाने हे तिन्ही अनुभव एका शब्दात गुंडाळले तर सुराचा बदल त्याला दिसणार नाही, किंवा दिसला तरी सांगता येणार नाही.

६

या विवेचनावरून काही सूत्रे हाती लागतात. पात्रात वस्तू नसल्यास 'एम्प्टी' व 'रिकामा'. आसनावर अधिकारी नसल्यास 'व्हेकंट' व 'रिक्त'. कवचाआड गाभा नसल्यास 'हॉलो' व 'पोकळ'. पृष्ठभागावर चिन्ह नसल्यास 'ब्लँक' व 'कोरा'. काठ किंवा बलच नसल्यास 'व्हॉइड' व, संदर्भानुसार, 'पोकळी' अथवा 'शून्य'. ही सूत्रे यांत्रिकपणे लावावयाची नाहीत. वर्डस्वर्थ यांच्या शब्दाप्रमाणे काळ पाहावा लागतो आणि सैनिकाच्या खुर्चीप्रमाणे भावनाही पाहावी लागते. परंतु कोणतीही निवड करण्यापूर्वी येथे काय असावयास हवे होते, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

'शून्य' या शब्दाला मराठीत धर्म, गणित आणि तत्त्वज्ञान यांची मोठी पुण्याई आहे. त्याचेच तद्भव रूप असलेला 'सुना' हा शब्द घराला, अंगणाला आणि वाटेला लागतो व क्षणात ओळखीचा होतो. रितेपणाचे असे साधे शब्द मराठीत विपुल आहेत. भारदस्त शब्द जवळ असतानाही त्यांतील नेमका साधा शब्द ओळखणे, हे अनुवादकाचे आणि समीक्षकाचे सारखेच कर्तव्य होय.